टेलिफोनचं खातं अन् एकशे बारा अंगठे

...नाही ना भाऊ, तुमी म्हनता तसं नाही, दिल्लीचं सरकार दिल्लीत पडत नसते, ते आमच्या ओसरीवर पडते, थेट माह्या डोक्यावर! तुमाले सांगतो, तेरा पक्षाचं सरकार... तेरा! आमच्या घरात दोन मानसं, तरी एकाले वांग्याची भाजी पाहिजे अन् दुसऱ्याले वरन, अन् हे तेरा जन एका ताटात जेवाले बसले, अन् त्याईच्या ताटाकडं पाहून कोन राह्यलं? मी! इकडं आदिलाबाद जिल्ह्यात, वांकिडीपासून दोन कोसावर, हातात शाईची डबी घेऊन! काऊन म्हनान तं सांगतो, बसा.

मी डोमाजी. शाळेत कारकून होतो, आता पेन्शनीत. माहा बाप निजामाच्या राज्यात तहसीलीत मुनशी होता, अन् त्यानं मले एकच इस्टेट देली, ते म्हंजे अर्जी कशी लिवाची. बाप म्हने, 'डोमा, अर्जी हाकिमाच्या नावानं लिवाची, नावाच्या आगं-मागं जेवढे साहेब-हुजूर बसतीन तेवढे बसवाचे. बेनाम अर्जी म्हंजे नवरदेवाशिवाय वरात, वाजत जाते अन् तशीच वापस येते.' तेव्हापासून आमच्या गावात अर्जी म्हटली की डोमाजी. बोअरिंग पाहिजे, डोमाजी. बस थांबवाची हाये, डोमाजी. म्हशीनं दुसऱ्याची तूर खाल्ली, तरी डोमाजी!

पन ही अर्जी माह्या घरची होती, हे पयले सांगतो. माही पोरगी चंद्रभागा नागपुरात देली. मागच्या साली तिले टायफाइड झाला, जावयानं पत्र टाकलं, ते पत्र फिरत-फिरत आमच्या दारात आलं बाराव्या दिवशी. रेणुकानं, म्हंजे माह्या बायकोनं, ते ऐकलं अन् डोक्याले हात लावून रडाले बसली. तिकडं पोरगी बरी होऊन सवतानं भाकरी थापून राह्यली होती, इकडं तिची माय रडून राह्यली! पन हासू नका. त्या बारा दिवसात आमी दोघं शेजारच्या लगनात बुंदी खाऊन आलो होतो, ते रेणुकाच्या मनाले लई लागलं. माह्याबी लागलं, पन मानूस सांगत नाही. ती म्हने, 'मले तिचा आवाज पाहिजे. आता मले कागद नको.'

आवाज पाहिजे तं टेलिफोन पाहिजे! खांब वांकिडीवरून निघाले, आमच्या नाल्यापर्यंत आले, अन् पानी पाहून थांबले. एमआरओ साहेबाले, म्हंजे आमच्याकडच्या तहसीलदाराले, विचारलं तं साहेब म्हने टेलिफोन हैदराबादचा नाही, दिल्लीचा. म्हंजे अर्जी दिल्लीले. म्हंजे मंत्र्याचं नाव पाहिजे. म्हंजे सांगा... टेलिफोनचं खातं कोनापाशी?

बस, हा एक सवाल! ह्या सवालानं माहे केस गेले. शपथ झाली, हार झाले, फोटो झाले, पन खाते नाही! आमी सारे संध्याकाळी चंपतरावाच्या रेडिओपाशी. चंपतराव म्हंजे आमच्या गावचे पाटील, मोठे वहमी मानूस, त्याईचं पुढं सांगतो. रेडिओ म्हने, 'खातेवाटपाबाबत आज चर्चा झाली. चर्चा अत्यंत सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडली.' दुसऱ्या दिवशीबी चर्चा, दुसऱ्या दिवशीबी सौहार्दपूर्ण. अरे, एवढं सौहार्द होतं तं खातं काऊन नाही देत एकमेकाले? एका पक्षाले रेल्वे पाहिजे होती, दुसऱ्यालेबी रेल्वेच पाहिजे होती, तिसऱ्याले काहीबी चालत होतं पन दुसऱ्याले मिळालं नाही पाहिजे! अन् टेलिफोन? टेलिफोन तं आहेरातल्या खनासारखा, याच्याकडून आला, त्याले देला, त्यानं तिसऱ्याले देला, कोनी शिवला मात्र नाही.

नवव्या दिवशी नाव आलं. उत्तरेकडचे साहेब. म्या रातोरात... नाही, खोटं काऊन बोलू, दुसऱ्या दिवशी चहा पिऊन अर्जी लिवली. झकास मजमून! 'श्रीमान माननीय' पासून सुरू झालो तं मंत्र्याच्या नावापर्यंत पोचाले अर्धा कागद लागला. मंग अंगठे. एकशे बारा! अन् आमच्या गावचा अंगठा म्हंजे सोपं काम नाही. चंपतरावाच्या आज्यानं कोऱ्या कागदावर अंगठा लावला होता, तं सहा एकराचं वावर दुसऱ्याच्या नावानं निघालं. तेव्हापासून गावाचा कायदा हाये, कागद पुरा वाचून दाखवाचा, मंगच अंगठा. एक अक्षर बदललं की अंगठा नवा. म्हंजे मी ते श्रीमान-माननीय एकशे बारा वेळा वाचलं! आमची बयनाबाई, ऐंशीची म्हातारी, कानानं कमी, तिले तीनदा. अन् ऐकून झाल्यावर विचारते काय, 'त्या मंत्र्याची माय हाये का रे जिती?'

अर्जी पाकिटात घातली, पाकिटाले खळ लावली, अन् संध्याकाळी रेडिओ म्हनते त्या साहेबाईनं राजीनामा देला! त्याईले रेल्वेच पाहिजे होती. टेलिफोन म्हंजे आपला अपमान हाये म्हने. अपमान? आमच्या नाल्यावर येऊन पाहा ना बाप्पा, खांब कसे मान टाकून उभे हायेत!

म्या चंपतरावाले म्हटलं, बाकी सारं तेच हाये, वरचा कागद बदलू, खालचे अंगठे तेच राहू द्या. चंपतरावानं माह्याकडं असं पाह्यलं का जसा मीच तो सहा एकरवाला. म्हने, 'डोमाजी, तुमचे वडील मुनशी होते. तुमाले हे शोभते का?' संपलं. पुन्हा शाईची डबी, पुन्हा एकशे बारा घरं, पुन्हा बयनाबाई तीनदा.

दुसरे साहेब दक्षिनेकडचे. नाव असं का त्यात बापाचं नाव, गावाचं नाव, देवाचं नाव, सारे हाजीर! एका दमात वाचता वाचता मले ठसका लागे. ते किती दिवस टिकले? अर्जीवर सत्तर अंगठे झाले तेवढे दिवस. त्याईच्या पक्षाचे दोन तुकडे झाले, अन् ते लहान तुकड्यात राह्यले. मंग प्रधानमंत्र्यानं टेलिफोन सवताजवळ ठेवला, 'अतिरिक्त कार्यभार'. तिसरी अर्जी! मंग खात्याचेच दोन तुकडे, डाक एकाले, तार एकाले, अन् दोघंबी म्हने टेलिफोन माहा. चौथी अर्जी त्या दोघाईच्या नावानं लिवली तं दोघंबी तब्येत बरी नाही म्हनून घरी जाऊन निजले! मंत्र्याले राग आला की ताप येते, हे मले तवा समजलं. अन् मी गावात निघालो की मानसं भाकर तोंडात घेऊनच विचारत, 'काऊन डोमाजीभाऊ, आज टेलिफोनचं खातं कोनापाशी?'

त्यातच रेडिओवर एक नवीन शब्द निघाला, 'बाहेरून पाठिंबा'. एक पक्ष म्हने सरकारात बसनार नाही, पन बाहेरून पाठिंबा देऊन राह्यलो. बयनाबाईले समजेना. म्या तिच्या कानात ओरडून सांगतलं, 'माय, म्हंजे पंगतीत बसाचं नाही, दारात उभं राहाचं, अन् भाजीत मीठ कमी पडलं की बोंब मारून पंगत उठवाची.' बयनाबाई म्हने, 'मंग ते तं माहे व्याही झाले.'

आता इकडं माह्या घरात काय चालू होतं, ते ऐका. चार अर्ज्या म्हंजे चार वेळा अंगठा. ती जांभळी शाई काही निंघत नाही, राखेनं घासा, लिंबानं घासा. एक दिवस मी जेवाले बसलो तं ज्वारीच्या भाकरीच्या मधोमध जांभळा अंगठा! मोहर मारल्यावानी! म्या म्हटलं, ही भाकर दिल्लीले धाडाची हाये का? रेणुकानं ताट पुढून वढलं. म्हने, 'मले दस्तखत शिकवा. मी आता अंगठा लावनार नाही.'

पस्तीस वर्साचा संसार, म्या सगळ्या गावाचं लिवलं, अन् आपल्या बायकोले तीन अक्षरं शिकवावं हे कधी डोस्क्यात आलं नाही. लाज वाटली, खरं सांगतो. तिनं परातीत पीठ पसरलं, मी बोटानं काढून दाखवलं. 'रे'ची मात्रा जमे, 'णु' काही जमे ना, तो उकार उलटाच पळे. पंधरा दिवस आमच्या घरी पयले अक्षरं होत, मंग त्याच पिठाच्या भाकरी. एका सकाळी तिनं चुलीच्या भितीवर कोळशानं लिवलं, रेणुका. मात्रा, उकार, सारं जागच्या जागी. मी पाहून राह्यलो, ती मागं न पाहता भाकर थापून राह्यली, पन कान इकडंच होते.

मंग ते बोअरिंगवर पसरलं. हंडे रांगेत अन् बाया मातीत काडीनं नाव काढून राह्यल्या! रेणुका उभी राहून सांगे, 'पोट गोल काढ व, पोट!' पाचवी अर्जी निघाली, कारन की पाचवे साहेब आले, तं एकशे बारातले अडुसष्ट जन म्हने, आमी सही करनार! बयनाबाईनं एक 'ब' काढला, कागदाच्या चौथाई भागात, अन् म्हने बाकीचं तुमी समजून घ्या. चंपतरावबी पाहून राह्यले बिचारे, त्याईले आयुष्यात पयल्या वेळेस कागदाचं भेव वाटलं नाही. तुमाले सांगतो, ती अर्जी, जुन्या चारी मागं जोडून, रजिस्टर करून धाडली तवा मले वाटलं, टेलिफोन येवो का न येवो, सरकार पडो का राहो, आमचं काम झालं.

अन् सरकार पडलं! बाहेरून पाठिंबावाल्याईले मीठ कमी लागलं. पन आमचा कागद पोचला होता ना. दोन महिन्यानं दिल्लीवरून जवाब आला, अशोकाच्या सिंहाचा छापा, खाली सही, अन् मजमून काय? ऐका, पाठ हाये मले. 'आपल्या पहिल्या चार अर्जांवर अंगठे असून पाचव्यावर सह्या आहेत. सह्या करणारे व अंगठे देणारे एकच आहेत किंवा कसे, याबाबत खात्री होत नाही. तरी सर्वांचे अंगठे घेऊन, विद्यमान मंत्रिमहोदयांच्या नावे, नवीन अर्ज सादर करावा.'

म्हंजे शिकले तं शिकले, सबूत काय? अन् विद्यमान म्हंजे कोन? नवीन सरकार आलं होतं, त्यात तं अठरा पक्ष! टेलिफोनचं खातं कोनापाशी?

सहावी अर्जी लिवली. घरोघरी गेलो. मानसं कुरकुरली, पन लावले अंगठे. एकशे अकरा झाले. राह्यली कोन? जिच्यापायी हे सारं रामायन, ती! म्या म्हटलं, रेणुका, चंद्रभागेचा आवाज पाहिजे ना तुले? एक अंगठा, एकच. तिनं डबीकडं पाह्यलं, भितीवरच्या कोळशाच्या नावाकडं पाह्यलं, डोळे भरून आले तिचे, पन हात पदरातच. म्हने, 'नावानंतर बाकीचे अक्षरंबी त्याच पिठात शिकली मी, पोरीले म्या सवताच्या हातानं पत्र लिवलं काल. टेलिफोन तुमी आना, मी नाही म्हनत नाही. पन अंगठा देनार नाही.'

आता एकशे बारापैकी एक कमी, तं दिल्ली पुन्हा खुलासा मागनार. तिच्या नावापुढची जागा तशीच कोरी. अन् कोरी जागा चंपतरावाले चालत नाही! मंग मी काय करू? पेन काढला, अन् रेणुकाबाईच्या नावापुढं लिवून टाकलं...

'बाहेरून पाठिंबा'.