ओलिंपिया पाशेकोंचं घर रिकामं नव्हतं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या वस्ती विकास मंडळाचे माननीय तालाबीसाहेब, व्यासपीठावरचे फादर आणि इमामसाहेब, सत्कारमूर्ती ममा ओलिंपिया पाशेको, आणि या उकाड्यात वारा घेत बसलेल्या माझ्या पोपो अगुदाकरांनो,

मी मुइनात बादमुस. ममांची समोरची शेजारीण. लेगोसच्या या बेटावर आमची अर्धी गल्ली मशिदीत जाते, अर्धी चर्चमध्ये. पण गुड फ्रायडेचं नारळाच्या दुधातलं, घेवड्याचं फ्रेजों सगळ्या गल्लीला ममांच्याच पातेल्यातून मिळतं.

अध्यक्षसाहेब आत्ताच म्हणाले की ममा मुलीकडे अबेओकुटाला विश्रांतीसाठी चालल्या आहेत. साहेब, विश्रांतीला माणूस आपलं घर मागे ठेवून जातो. ममांचं घर आहे कुठे?

ब्राझीलमधल्या गुलामीतून सुटून आलेल्या पणजोबांनी ते बांधलं होतं. कमानीवरची द्राक्षाची वेल त्यांनी स्वतः गिलाव्यात कोरली होती. परदेशातल्या पुतण्याने ममांना न विचारता सही केली आणि घर बिल्डरला विकलं गेलं. ‘संरक्षित वास्तू’ ही सरकारी पाटी पाडकामाच्या आधीच्या आठवड्यात कुणी काढली? मंडळाला विचारलं, तर म्हणे वाऱ्याने पडली. चार खिळ्यांची लोखंडी पाटी वाऱ्याने पडते, आणि शेजारची वाळत घातलेली लुगडी जागच्या जागी राहतात!

गुड फ्रायडेला गल्ली प्रार्थनेला गेल्यावर पाडकामाचं यंत्र आलं. मागची भिंत कोसळली, तशा ममा हातात डाव घेऊन बाहेर आल्या. चालक बिचारा घाबरून खाली उतरला.

“ममा, घर रिकामं आहे असं सांगितलं होतं हो मला.”

“रिकामं? मग हे रांधलं कुणी? बस, आधी जेव.”

तो जेवला नाही. किल्ली मुकादमाच्या हातात देऊन चालता झाला. रोजीवर पाणी सोडलं त्याने. दुसऱ्या दिवशी दुसरा चालक आला आणि कमान पडली. ममा रडल्या नाहीत. मी रडले.

मग यंत्र शेजारच्या मेदेइरोसांच्या माडीकडे वळलं; तीही जागा बिल्डरला हवी होती. ममांनी ढिगाऱ्यातून एक खुर्ची ओढून काढली आणि त्या माडीच्या पायरीवर मांडली. मी म्हटलं, “अहो, तुमचं तर गेलं, आता दुसऱ्याच्या दारात कशाला बसता?” त्या म्हणाल्या, “माझ्या दारात बसायला मला उशीर झाला, मुइनात. इथे नाही होऊ देणार.”

मग आम्ही बायका पाळीपाळीने बसलो. पाऊस आला, पोलीस आले. मंडळातून कुणीही आलं नाही. अखेर कोर्टाचा मनाई हुकूम आला. ती माडी आज उभी आहे, सज्ज्यासकट. या सभागृहातून बाहेर पडलात की दिसेल.

आता टेबलावरच्या या स्मृतिचिन्हाबद्दल. त्यावर ममांच्या कमानीचं चित्र कोरलंय. सुबक आहे, वाद नाही. पण तालाबीसाहेब, कमान पाडली जात असताना ज्यांनी आमचा फोन उचलला नाही, त्यांच्या हातून तिचं चित्र ममा घेणार नाहीत. हे त्यांनी मला सकाळी सांगितलं आणि इथे बोलायची परवानगीही दिली. सत्कार करायचाच असेल तर मेदेइरोसांच्या पायरीवर चला. तिथे आम्ही बायका त्यांना शाल घालणार आहोत.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमी पडलं असेल, तर ममांनी मला क्षमा करावी. जास्त झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बाहेर येऊन तो ढिगारा पाहावा.

चला ममा, हात द्या.