महादू मोकळा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दाजी, व्यासपीठावर बसलेल्या कंबरदुखीच्या तज्ज्ञ डॉक्टर क्षितिजाताई, कोन-भिवंडी पट्ट्यातले माझे गोदाममालक बंधू, समोरच्या मायभगिनी आणि मागे उभे असलेले माझे हमाल बांधव, सर्वांना मनापासून नमस्कार. खुर्च्या कमी पडल्या, पण उभं राहायची सवय तुम्हाला आहेच.

आज आपण कुणाला निरोप देतोय? खारबावच्या महादूला. माझ्या गोदामातला सर्वांत जुना हमाल. हा इथं व्हीलचेअरवर बसलाय तो, आणि शेजारी त्याची बायको कमळा. खुर्चीवर प्लास्टिक का घातलंय, विचारू नका. लघवी कधी होते ते त्याचं त्याला कळत नाही, आणि आज पाहुणे आहेत. राग मानू नकोस कमळा, मी उघड बोलणारा माणूस.

आमच्या गोदामात एक रिवाज आहे. गोण उतरून पाठ रिकामी झाली की हमाल ओरडतो, "मोकळा!" मगच त्याच्यावर दुसरी गोण चढवायची. महादूची आरोळी तर पार रस्त्यावर ऐकू यायची. एकाएकी ती बंद झाली. कंबरेतून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जायची. लोक म्हणाले, काढून टाका त्याला. पण आपण माणुसकी सोडली नाही. स्वतःच्या गाडीत घालून ताईंकडे नेलं.

काय ती करामत! महादू पालथा, वर एक्स-रेचं मशीन, आणि पडद्यावर त्याचे मणके. पडद्याकडे बघत बघत ताईंनी सुई नेमकी दबलेल्या नसेपाशी नेली आणि औषध सोडलं. आठवड्याभरात कळ गायब! ताई म्हणाल्या, "नस मोकळी झालीय, पण मणक्यातली सरकलेली गादी तशीच आहे. वजन अजिबात उचलायचं नाही." बरोबर ना ताई? मान का खाली घातलीत? तुमचं कौतुकच करतोय मी.

आता मला सांगा, दुखत नाही तर माणूस घरी बसून करणार काय? मी महादूला विचारलं, "कळ हाय का?" म्हणाला, "न्हाय शेठ, पन डाक्टरीण बोलली..." मी म्हटलं, "नस मोकळी म्हणजे तू मोकळा." आला कामावर, पण तोंड उघडेना. नुसता उभा. दारात ट्रक लागलेला, आणि आरोळीशिवाय त्याच्यावर गोण चढवायला कुणी तयार नाही. शेवटी त्याच्या वतीनं मीच ओरडलो, "महादू मोकळा!"

गोण चढली. दुपारपर्यंत मी ओरडत होतो आणि गोणी चढत होत्या. मग हा जो खाली बसला, तो बसलाच. ऑपरेशनही झालं, पण पायातला जीव काही परत आला नाही. एकेकाचं नशीब, दुसरं काय?

असो. आनंदाची गोष्ट अशी, की महादूची जागा रिकामी राहणार नाही. त्याचा मुलगा प्रितम उद्यापासून येतोय. ये प्रितम, वर ये. लाजतोस काय? बापाचा पाठीवर घ्यायचा टॉवेल मी मुद्दाम धुऊन आणलाय. महादूला शाल-श्रीफळ, आणि हा टॉवेल तुझ्या खांद्यावर, सन्मानानं.

अरे, अरे! महादू, काय करतोस? शाल तुझी, टॉवेल त्याचा. सोड. कमळा, सांग ना त्याला. काय म्हणतोय? "माझ्या पोराला देनार न्हाय"? महादू, लोक बघतायत. जरा फोटो थांबवा हो. बघा मंडळी, पायात जीव नाही, पण मुठीत केवढा! ताई, तुम्ही उठलात कुठं? चहा येतोय.

तर दाजी, पाहुणे आणि आपण सर्वजण वेळ काढून आलात, आपले फार आभार. बोलण्याच्या ओघात काही अधिकउणं झालं असेल, तर पोटात घाला. आणि मागे नुसते उभे काय राहिलात? या ना कुणीतरी वर, त्याची मूठ मोकळी करा!