वाघाची शेपटी

पुण्याहून बारामतीला निघालेल्या एसटीत विनया डोळे मिटून बसली होती. मागच्या सीटवर प्राणिसंग्रहालय बघून दमलेलं जोडपं होतं. त्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

“साजिया, जरा थांबलो असतो तर वाघ बाहेर आला असता. नुसती शेपटी बघाय आलतो व्हय आपण?”

“मलाबी बघायचा हुता वो. पण म्हशीची धार कोण काढणार? माझ्याबिगर ती पान्हावत न्हाय.”

“लाव फोन अम्मीला.”

साजियानं स्पीकर लावला. “अम्मी, म्हैस वरडतीय का?”

“धार झाली की! तुझी ओढणी पांघरून बसले. म्हशीला कळलंच न्हाय. सावकाश या.”

नवरा हसला. “फसली बघ म्हैस!”

“व्हय. इतकी वर्षं दावणीला माझ्याऐवजी ओढणी बांधली असती, तरी भागलं असतं.”