बावीस पायऱ्या आणि एक तात्पुरती चिठ्ठी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले नवे विभागप्रमुख, आजचे सत्कारमूर्ती आमचे साहेब, इतकी वर्षं त्यांना रोज सकाळी आमच्या हवाली करणाऱ्या वहिनी, वरच्या मजल्यावरच्या मापन कक्षातले विद्वान सहकारी, आणि मागच्या रांगेत हातावरचं प्लास्टरही न धुता येऊन बसलेले माझे खालच्या मजल्यावरचे कारागीर बंधुभगिनी,

समोरचं घड्याळ पाच वाजून पाच मिनिटं दाखवतंय. साहेबांची नोकरी बरोबर साडेपाचला संपते. त्याआधी माझं भाषण संपायला हवं. का, ते ओघात येईलच.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. आपली संस्था कृत्रिम पाय बनवते. वरच्या मजल्यावर माप घेतात, खालच्या मजल्यावर पाय तयार होतो. मधे बावीस पायऱ्या आहेत. पूर्वी मापाची चिठ्ठी घेऊन कोणीतरी खाली यायचं, त्याला अर्धं मिनिट लागायचं. ही फार मागासलेली पद्धत होती. साहेबांनी ती मोडीत काढली आणि सगळी मापं कॉम्प्युटरवरून पाठवायची सोय केली. तेव्हापासून माप खाली यायला तीन दिवस लागू लागले. प्रगती याहून वेगळी काय असते?

आता कॉम्प्युटर म्हणाल, तर वर एका जातीचे आणि खाली दुसऱ्या जातीचे. दोन वेगळ्या समित्यांनी निवडलेले. दोन्ही समित्यांत साहेब होते, ही गोष्ट आज बोलण्यासारखी नाही, म्हणून बोलत नाही. वरून मापं यायची ती झिप करून, म्हणजे दाबून, आवळून, एका गठ्ठ्यात कोंबून. खाली गठ्ठा उघडायचा नाही. आम्ही वर फोन करायचो. वरून उत्तर यायचं, "आमच्याकडे तर उघडतंय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की माझा नातू बोलायला लागला तेव्हा मला भीतीच वाटली, हा पहिलं हेच म्हणतोय की काय.

खालच्या मजल्यावर आम्ही साहेबांना प्रेमाने झिपसाहेब म्हणतो. वहिनी, तुम्हाला हे ठाऊक नसावं. आता झालं.

कधीकाळी गठ्ठा उघडलाच, तर त्यात प्रत्येक फाइलबरोबर तिची एक जुळी बहीण निघायची. नाव तेच, पुढे एक टिंब, आणि आत काहीही नाही. वरच्यांना ती दिसायची नाही, फक्त आम्हाला दिसायची. आमच्या मशीनवाल्या भाऊंनी एकदा चुकून ती जुळीच मशीनला दिली. मशीन बिचारं प्रामाणिक. त्याने फोमचा ठोकळा अर्धा तास गोल गोल फिरवला आणि जसाच्या तसा परत केला. आम्ही लेखी तक्रार केली. लेखी उत्तर आलं, की अशी कोणतीही फाइल पाठवण्यात आलेली नाही. म्हणजे भूत आम्हीच पाळलं होतं.

पण साहेबांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे आठ अक्षरांचा नियम. यादी सरळ दिसावी म्हणून प्रत्येक पेशंटच्या फाइलचं नाव बरोबर आठ अक्षरांचं हवं. नाव लांब असलं तर कापायचं, आखूड असलं तर पुढे गाव जोडायचं. यादी दिसायची छानच. सहा वर्षांपूर्वी एका सोमवारी एकोणीस जणांची मापं आली. वर ती नावं मराठीत होती. खाली आमच्या कॉम्प्युटरला त्यातलं एकही अक्षर कळलं नाही, त्याने प्रत्येक अक्षराच्या जागी एक आडवी रेघ मारली. एकोणीस फाइली, प्रत्येकीला आठ रेघा. कॉम्प्युटरने विचारलं, याच नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर ही ठेवू का?

कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण साहेबांचं परिपत्रक होतं, की कॉम्प्युटरने विचारलेल्या प्रश्नाला परवानगीशिवाय नकार देऊ नये. भाऊ परिपत्रक पाळणारे. त्यांनी 'सगळ्यांना हो' दाबलं. एकोणीस माणसं एकमेकांच्या डोक्यावर बसली आणि शेवटी एकटा उरला, सहा फुटी बसचालक.

त्याच आठवड्यात एक शिवणकाम करणारी बाई पाय न्यायला आली. लहान चणीची, गुडघ्याखालचा डावा पाय गेलेला. तिने आम्ही दिलेल्या वाटीत, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या पोकळ भागात, उरलेला पाय घातला आणि वाटी हाताने गरागरा फिरवून दाखवली. म्हणाली, "ताई, यात माझे दोन्ही मावतील. पण उजवा तर धड आहे."

मी वर फोन केला. "आमच्याकडे तर उघडतंय." गठ्ठा पुन्हा पाठवा म्हटलं. पाठवला. त्याला कुलूप होतं, आणि कुलपाचा पासवर्ड सुरक्षिततेसाठी गठ्ठ्याच्या आतच ठेवला होता. दुसऱ्यांदा पाठवला तो चार तुकड्यांत, त्यातला तिसरा तुकडा आलाच नाही. तिसऱ्यांदा गठ्ठा उघडला, तर आत गठ्ठा.

बाई सकाळपासून बाकावर बसून होती. तिची शेवटची बस पाचची. शाळा आठ दिवसांवर आली होती आणि घरी गणवेशांचं कापड कापून पडलं होतं. ती म्हणाली, "तीन महिने झाले, सासूबाई पायाने मशीन चालवतात आणि मी कापड धरते. त्यांचा वेग वेगळा, माझा वेगळा. एक शिवण सरळ येत नाही. दोघी रात्रंदिवस भांडतोय. आज पाय नाही मिळाला तर शाळा दुसऱ्या कोणाला काम देईल."

दुपारी तीन वाजता साहेब स्वतः खाली आले. हातात पेन ड्राइव्ह होता. तोही उघडला नाही. मग साहेब तिला समजावू लागले, की दोन सिस्टिम वेगळ्या असल्यामुळे तुमची फाइल सापडायला जरा वेळ लागेल.

ती बाई शांतपणे म्हणाली, "साहेब, फाइल कशाला शोधता? पाय माझ्याजवळच आहे. मोजा की."

मी साहेबांकडे पाहत होते. इथे बऱ्याच जणांना माहीत नाही, साहेब मूळचे खालचेच. कानस कशी धरायची हे मला त्यांनी शिकवलं. वर गेल्यापासून नऊ वर्षं त्यांनी टेप हातात धरली नव्हती. मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी कोट काढला, माझ्या खिशातली टेप घेतली आणि तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकले. चार ठिकाणी माप घेतलं. मी लिहायला कागद शोधत होते, तोवर त्यांनी आकडे तोंडपाठ सांगितले. भाऊंनी ते हाताने मशीनला दिले. साहेब कानस घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले. पावणेपाचला ती बाई स्वतःच्या दोन पायांवर दारातून बाहेर पडली. त्या दिवशी मला साहेबांचा इतका अभिमान वाटला, आणि इतकी वर्षं ते आमच्यापासून दूर राहिले याचा इतका राग आला, की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर हाताने लिहिलेली मापाची चिठ्ठी खाली पाठवावी, ही तात्पुरती व्यवस्था आहे. त्या तात्पुरत्या व्यवस्थेला सहा वर्षं झाली. गठ्ठा अजून कधी उघडतो, कधी नाही. चिठ्ठी रोज उघडते. त्यानंतर एकही चुकीचा पाय बनलेला नाही.

आता माझं काम. आमचे नवे विभागप्रमुख हुशार आहेत, याबद्दल कोणाचंच दुमत नाही, निदान वरच्या मजल्यावर. गेल्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, की एक तारखेपासून चिठ्ठी बंद. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "परिपत्रकातच तात्पुरती लिहिलंय." अगदी बरोबर आहे त्यांचं. लिहिलंय.

साहेब, म्हणून आज मी हार आणला नाही. हे तुमचंच जुनं परिपत्रक आहे. यातला एक शब्द मी पेन्सिलने खोडलाय, 'तात्पुरती'. शेजारी सही लागते, आणि साडेपाचपर्यंत ती तुमचीच चालते. कागद तुमच्यासमोरच्या टेबलावर ठेवते. टेबलावरचं हे कापड त्याच बाईने शिवून पाठवलंय. काठ पाहा, शिवण कशी सरळ आहे ती.

सावकाश, साहेब. चष्मा वहिनींकडे आहे. पेन हे घ्या.

झाली सही. पाच वाजून सव्वीस मिनिटं. नव्या साहेबांनी ती पाहिलेली आहे, सभागृहानेही पाहिलेली आहे. आता कोणाकडे हा कागद उघडत नाही असं व्हायला नको.

अध्यक्ष महोदयांनी माझी पाच मिनिटं वीस होऊ दिली, वहिनींनी एवढं सगळं हसून ऐकून घेतलं, दोघांचे मनापासून आभार. आणि साहेब, कानस धरायला शिकवल्याबद्दल तुमचे. मी पाय तासणारी बाई, त्यामुळे बोलण्यात कोणाला काही टोचलं असेल तर मनात ठेवू नका. उद्या खाली या आणि कुठे टोचतंय ते दाखवा, मी घासून देईन. बावीसच पायऱ्या आहेत.