आपलं कोणी नाही असं शहर

फ्रँकफर्टचा विषय निघालाच आहे, तर सांगते. टोरोंटोहून पुण्याला जाताना आम्हाला तिथे अख्ख्या दिवसाचा स्टॉपओव्हर मिळायचा, आणि दर वेळी तो नातेवाइकांकडेच जायचा. स्टुटगार्टला ह्यांचा मावसभाऊ, कोलोनला नणंदेची जाऊ. माझी जर्मनी म्हणजे सोफा, पोहे आणि लग्नाचा अल्बम!

त्या वर्षी बॅगा भरतानाच ह्यांना बजावलं, "या वेळी शहर मी पिक करणार."

"कुठलं?"

"जिथे आपलं कोणी नाही ते."

मी नकाशा घेऊन बसले. हायडेलबर्ग म्हटलं, तर तिथे ह्यांच्या मित्राचा मुलगा. माइन्झला कोणाची तरी सून. वुर्झबर्ग म्हटल्यावर हे बराच वेळ आठवत राहिले, पण कोणी सापडेना. म्हटलं, ठरलं!

सासूबाईंचा पुण्याहून फोन आला. "अगं, स्टुटगार्टला वाट बघतायत. त्या वुर्झबर्गला कोण आहे?"

"कोणी नाही, आई."

"मग तिथे जाऊन करणार काय?"

"काहीच नाही. म्हणून तर चाललोय."

गेलो. नदीवरच्या जुन्या पुलावर वाइनचा ग्लास घेऊन दुपारभर रेंगाळलो. "अजून थोडे पोहे घ्या" म्हणणारं कोणी नव्हतं.

पुण्यात पोचल्यावर सासूबाई फुगलेल्याच होत्या. आम्ही निघताना म्हणाल्या, "परत जाताना तरी स्टुटगार्टला जा. त्यांच्यासाठी चिवडा बांधलाय."

म्हटलं, "द्या ना, आई. पुलावर वाइनबरोबर खायला काहीतरी हवंच होतं."