तलावाकाठच्या पायऱ्या

माननीय अध्यक्ष जयंतराव, मंचावरील पाहुणे मंडळी, आजचे सत्कारमूर्ती शरच्चंद्र, त्यांच्या मातोश्री दुर्गाकाकू आणि बंधुभगिनींनो,

मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, आणि आपल्या बांधकाम खात्याचं दफ्तर हळूहळू भोपाळला निघालं. त्याला पाच वर्षं होत आली. आता आमचे ड्राफ्ट्समन शरच्चंद्रही चालले. चार गोड शब्द बोला, असं मला सांगितलं आहे. पण त्यांचे नक्शे तपासण्याचं काम इतकी वर्षं माझ्याकडे होतं. नुसतं गोड बोलून मला सुटता येईल का?

गेल्या महिन्यात मी भोपाळच्या नव्या सभागृहासमोरचा, तलावाकाठचा चौक पाहायला गेलो. त्याचे काही नक्शे इथेच, आपल्या कचेरीत निघाले होते. इमारतीला कमान नाही, कळस नाही. खांबांवर उचललेला काँक्रीटचा चौकोन. टांगेवाला म्हणाला, "पेटी तो बना दी बाबूजी, कुंडी लगाना भूल गए." मलाही आधी ती बिनकडीची पेटीच वाटली. मग चौकात उभा राहिलो. खांबांमधून थेट पाणी दिसत होतं. इतकी मोकळी सरकारी इमारत मी पाहिली नव्हती. आणि चौक पाण्याला भिडतो तिथे शरच्चंद्रांच्या पायऱ्या.

मूळ आराखड्यात तिथे नुसता कठडा होता. पायऱ्या यांनी सुचवल्या. त्यांची उंची कुठून घेतली? दर रविवारी हे काकूंना आपल्या नदीवरच्या रामघाटावर नेऊन निरनिराळ्या पायऱ्या चढायला लावत. जिथे काकूंचा हात गुडघ्यावर गेला नाही, त्या पायरीचं माप घेतलं. माझे गुडघे सरकारात जमा झालेत, असं काकू शेजारणींना सांगत.

तो नक्शा माझ्यापुढे आला, तेव्हा मी बिनसहीचं टिपण लिहिलं: 'तलाव म्हणजे घाट नव्हे. पायऱ्या अनावश्यक, शेवाळ धरेल. कर्मचारी हट्टी.' नक्शा सात महिने अडला. त्या वर्षी यांची बढती गेली. पुढे भोपाळच्या आर्किटेक्टने तो मागवून मंजूर केला, त्यात माझं श्रेय काही नाही. मी रोज रोजनिशी लिहितो. हे मात्र तिच्यातही लिहिलं नाही.

भोपाळच्या त्या चौकात संध्याकाळी एक म्हातारी पिशवी घेऊन पायऱ्या उतरली, पाण्यात पाय बुडवून बसली आणि वर चढली. तिचा हात पिशवीवरून हलला नाही.

परत आल्यावर मी शरच्चंद्रांना सांगितलं, ते टिपण माझं होतं. ते म्हणाले, "साहेब, अक्षर तेव्हाच ओळखलं होतं. वाईट वाटलं. पण शेवाळाचं तुमचं बरोबर होतं. म्हणून दगड खरखरीत घ्यायला लावला."

जयंतराव, त्या फाइलला आज मी दुसरं टिपण जोडलं आहे, सहीनिशी: 'पायऱ्या पाहिल्या. हट्ट माझा होता.' शरच्चंद्र भोपाळला रुजू होण्याआधी ते टिपण तिथे पोहोचावं, एवढी विनंती.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. भाषणातलं उणंअधिक आपण सगळे पोटात घालाल. टिपणाची क्षमा मात्र मी शरच्चंद्रांकडे मागतो, आणि काकू, तुमच्याकडे.