वरच्या फळीवरचा मास्क

मला आधी एक सांगा, दुकानदारावर विश्वास ठेवावा का? नाही, संकोच करू नका, मी स्वतः दुकानदार आहे, म्हणून तर विचारतोय! तीस वर्षं चपला विकतोय मी! बूट, सँडल, सपाता, सगळं! शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं शिक्षण गिऱ्हाइकांच्या पायाशी बसून झालं. गिऱ्हाईक दारात पाऊल टाकतं ना, तेवढ्यात मी नंबर सांगतो... आणि असा मी, तुम्हाला सांगतो, पाण्याखाली जायचा चष्मा घ्यायला गेलो आणि माझी जी शोभा झाली!

झालं काय, आमच्या हिच्या डोक्यात स्कूबा शिरलं. म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि समुद्राच्या तळाशी मासे बघत फिरायचं. "अहो, जन्मभर खोकी बघितलीत, आता जरा मासे बघा." नाव नोंदवलं. चार आठवडे पोहण्याच्या तलावात शिकायचं, मग परीक्षा, पास झालात तर समुद्र. आणि समुद्रात उतरायचं ते जोडीनंच, असा नियम. वर्गात आम्ही सातजण. तीन जोड्या लागल्या आणि उरले एकटे दंतवैद्य. उंच, पोट आत, पोहतात असे की पाण्यालाही कळत नाही! ही मला म्हणते कशी, "नापास झालात तर काठावर बसा टॉवेल सांभाळत. मी डॉक्टरांबरोबर जाईन." आता बोला!

तर मास्क आणि फिन्स आपापल्या आणायच्या होत्या. मास्क म्हणजे नाकासकट डोळे झाकणारा चष्मा, आणि फिन्स म्हणजे पायात घालायचे ते बदकासारखे पंजे. पंजे! पायात घालायचे! अहो, तीस वर्षं चपला विकतोय मी, मला कोण शिकवणार?

दुकानात एक बाई. शांत. माझ्याकडे एकदा बघितलं आणि समोरच्या फळीवरचा एक साधा काळा मास्क काढला. "पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकानं श्वास आत ओढा. चिकटून राहिला तर तो तुमचा." ठेवला. ओढला. चिकटला! हात सोडले तरी पडेना! ती म्हणाली, "हाच घ्या. फक्त मिशी नाकाखाली थोडी कापा, केसांतून पाणी शिरतं. आणि हा सगळ्यात स्वस्तही आहे."

स्वस्त! इथं माझं डोकं फिरलं. मला सांगा, कुठला दुकानदार आधी स्वस्त माल दाखवतो? तीस वर्षं चपला विकतोय मी! डोळ्यांसमोरच्या फळीवर काय ठेवतात, मला विचारा ना! न खपणारा माल! चांगला माल वर, छताशी, मुरलेल्या गिऱ्हाइकासाठी. म्हटलं, "बाई, तो वरचा काढा." "तो जुना आहे हो." म्हटलं, काढा तर खरं! बाई शिडीवर चढली, फुंकर मारली, आम्ही दोघंही शिंकलो... धूळ किती! तरी मला वाटतंय, बघा, कसा लपवून ठेवला होता! चार काचांचा, बाजूनंही दिसणारा, रबर जरा पिवळं पडलेलं. मी म्हटलं, रंगच असेल.

मग फिन्स. बाई म्हणाली, "नऊ नंबर, घट्ट बसू द्या." मी हसलो. म्हटलं, "बाई, पाय संध्याकाळी सुजतो. शहाणा माणूस अर्धा नंबर मोठं घेतो." अर्धा तास व्याख्यान दिलं मी तिला, टाच, चवडा, अंगठ्याची जागा! अर्ध्या नंबरात नव्हतं, म्हणून दहा घेतलं. ती काही बोलली नाही. तेव्हाच कळायला हवं होतं... दुकानदार गप्प बसतो कधी?

पुढच्या रविवारी तलावात उतरलो. पहिल्याच फेरीला उजवा पंजा निघाला आणि माझ्या पुढं पोहायला लागला! मास्कमध्ये पाणी नाकापर्यंत. मास्तर खुणेनं सांगतायत, नाकानं फुंका, बाहेर काढा. मी फुंकतोय, ते जेवढं जातंय तेवढंच येतंय! वर आलो तर दंतवैद्य माझा पंजा हातात घेऊन उभे. "आपला का?" आवाजात काय ती सभ्यता! अंगाची लाही लाही झाली.

ही म्हणाली, "अहो, मास्क बदलून आणा." बदलून? मी? तीस वर्षं चपला विकतोय मी, माल चुकला म्हणून कबूल करू? म्हटलं, दोष मिशीचा! आणि घरी येऊन, तुम्हाला सांगतो, विसाव्या वर्षापासून जपलेली, दोन्हीकडं वळलेली ती मिशी... सफाचट! पुढच्या रविवारी पुन्हा उतरलो. पाणी आलंच. उलट आता अडवायला काहीच नव्हतं!

परीक्षेला सहा दिवस. गेलो शेवटी. मान खाली घालून. आणि काय गंमत, बाईनं मला ओळखलं नाही! मिशीच नाही ना! "या, पहिल्यांदाच घेताय?" मी म्हटलं, हो हो, पहिल्यांदाच! तोच काळा मास्क दिला, तोच श्वास ओढायला लावला, चिकटला. म्हणते, "मागं एक गृहस्थ आले होते, चपलांचे दुकानदार. काही ऐकेनात. वरून मलाच अर्धा तास शिकवलं." मी म्हटलं, असतात हो काही माणसं! ती म्हणाली, "बिचारे." मी म्हटलं, "बिचारे कसले, मूर्ख!" अहो, स्वतःला इतकं मनापासून मूर्ख मी कधी म्हटलं नव्हतं. फिन्स नऊ नंबर, घट्ट. पिशवी हातात देताना बाई अगदी गंभीरपणे विचारते, "अर्धा नंबर मोठं देऊ का?"

...म्हणजे ओळखलं होतं! पहिल्यापासून!

असो. पास झालो. काठावर. मास्तर म्हणाले, "चालेल." समुद्रात उतरलो ते आमच्या हिच्याच जोडीला, दंतवैद्य मास्तरांबरोबर. मास्कमध्ये थेंब नाही. प्रत्येक वेळी वर आलं की वहीत लिहायचं असतं, किती खोल, किती वेळ, काय पाहिलं, आणि खाली जोडीदाराची सही. माझ्या मनात होतं, बारा मीटर, अर्धा तास, एक कासव. लिहायला घेतलंच होतं, ही शेजारी पेन घेऊन उभी. म्हणाली, "खरं लिहा, तरच सही करीन." लिहिलं मग. पाच मीटर. नऊ मिनिटं. मासे, शून्य. पूर्ण वेळ हिच्या मागं राहिलो, दिसल्या त्या फक्त हिच्या फिन्स. पिवळ्या, नंबर पाच, टाचेला अगदी बरोबर.

तेव्हा तुम्हीही कधी उतरलात, तर एवढं करा, वहीचा हिशेब चोख ठेवा. शून्य तर शून्य लिहा. सही करणारं माणूस तिथंच असतं हो, तुमच्या पुढं चार हातांवर!